बारा नंबरचा दगड

रात्रभर भुरभुरणारं बर्फ पहाटे थांबलं, पण गारठा असा की अमेरिकेतल्या पार्सिपनीत गाडीची काच खरवडता खरवडता राजारामची बोटं बधिर झाली. सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी. सातच्या ठोक्याला तो युनिव्हर्सिटीच्या तळघरात उतरला, तोंडाला मास्क बांधला आणि दगड फोडायच्या मशीनचा जबडा तारेच्या ब्रशनं घासायला लागला. कालच्या दगडाची चिमूटभर पूड आजच्या दगडात गेली की वरच्या मजल्यावर मोजलेलं त्याचं वय चुकलंच म्हणायचं. म्हणून दर दगडागणिक घासायचं. बारा वर्षं हेच.

त्याचा बाप वाईजवळच्या खाणीत दगड घडवायचा. राजारामनंही मिसरूड फुटायच्या आत दगड घडवायची टाकी हातात धरलेली. पुढं बहीण शरयू नर्स होऊन इकडं आली, तिनं कागद केले, आणि हा गडी सातासमुद्रापलीकडं आला तो पुन्हा दगडच फोडायला. वरच्या मजल्यावरच्या विद्वानांविषयी त्याचं मत ठरलेलं होतं, आणि ते कुणी विचारायची तो वाट बघत नसे. "दगडाचं वय सांगत्यात लेकाचे, पर दगड वळखता येत न्हाई."

त्या साली वर एकच भांडण. डायनासोर मेले कशानं? कुणी म्हणे आकाशातून धोंडा पडला. प्रोफेसर व्हिटकर म्हणत, धोंडाबिंडा काही नाही, सह्याद्री ज्यानं बनला तो लाव्हा आला आणि त्याच्या विषारी वाफांनी सगळं मेलं. पण त्यासाठी लाव्हा एका दमात यायला हवा. म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा थर आणि माथ्याचा थर, दोन्हींचं वय एकच निघायला हवं. त्यांनी आपल्या पुण्याच्या विद्यार्थ्याला, संजीवला, वाईजवळच्या पसरणी घाटात धाडलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बारा दगड त्यानं आणले. वय मोजण्याआधी किरणांचा मारा करून घ्यायला त्यांचे कण आज दुपारी बाराला अणुभट्टीकडं निघणार होते. ही खेप चुकली की पुढची सहा महिन्यांनी. अकरा दगड फोडून झाले होते. राहिला होता बारावा, माथ्याचा. संजीवची सगळी पीएचडी त्याच्यावर.

राजारामनं पिशवीतून तो काढला, दिव्याखाली फिरवला आणि खाली ठेवला. परत उचलला.

संजीव कॉफी घेऊन आला. अंगात नवाकोरा जाड पार्का कोट, गळ्यात भिंग.

"काका, झालं का? बाराच्या आत पॅक करायचंय, यार."

"ह्यो कुठनं उचललास?"

"टॉप फ्लो, सगळ्यात वरचा थर. रस्त्याच्या कडेला, कठड्यापाशी. माथ्यावर सगळा जांभा, काळा दगड सापडेचना. आणि जीपवाला घाई करत होता."

"आन् ह्या रेघा?"

संजीवनं वही उघडून ऐटीत वाचलं, "लाव्हा वाहताना पडलेल्या खुणा. प्रोफेसरांना फार आवडल्या. फोटोसुद्धा घेतलाय."

राजाराम हसला. त्या हसण्यात माया नव्हती.

"लाव्हा न्हाई त्यो, टाकी हाय टाकी! दगड घडवलाय कुनीतरी. आरं, कठड्याचा दगड हाय ह्यो, ढासळून पडल्याला. आन् त्या कठड्याला दगड पायथ्याच्या आमच्या खाणीतनं जायचा. म्या सोता ट्रक भरल्यात. तू पायथा उचललास आन् वर माथा लिवलंस!"

संजीवचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणजे बारा नंबर हा एक नंबरचाच सख्खा भाऊ. दोघांचं वय एकच येणार, येणारच. आणि व्हिटकर टाळ्या पिटणार.

"काका," तो हळूच म्हणाला, "आन्सर तर तेच येणारे ना? फोडून टाका. पावडर झाल्यावर कोणाला कळतंय?"

"मला कळलंय की. म्या कोन न्हाई व्हय?"

"तुमचं काम क्रश करायचं आहे, प्लीज."

"मग तुजं काम काय हुतं? हिंडायचं?"

दगड बगलेत मारून राजाराम जिना चढला. दगड टेबलावर ठेवून हा माथ्याचा नाही असं त्यानं सांगितलं, तरी व्हिटकरसाहेबांनी मान वर केली नाही. "दगड वर का? तुम्ही भूशास्त्रज्ञ आहात का?"

"नाही सर. माझा बाप हे असे दगड घडवायचा," तो आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून त्यानं एकेका रेघेत बसवून दाखवला. सगळ्या रेघा सारख्या तिरक्या, सारख्या अंतरावर. लाव्हा काय पट्टी घेऊन वाहतो? मग कठडा आणि खाण, दोन्ही सांगितलं.

साहेबांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. भिंतीवर त्याच रेघांचा फोटो टाचलेला होता, तो त्यांनी काढून खणात उलटा टाकला. मग यादीतला बारा नंबर पेनानं खोडला आणि दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या संजीवला म्हणाले, "एप्रिलमध्ये परत घाटात जायचं." राजारामला आभाराचा एक शब्द नाही. त्याची अपेक्षाही नव्हती. आपली चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायची रीत त्या मजल्यावर नव्हतीच.

जिना उतरताना संजीव मागून आला. "काका, एप्रिलमध्ये... खरा दगड कुठं मिळेल माथ्यावर?"

"कड्याला हात लावून बग. जो सुटून तुझ्या हातात येतोय, त्यो घिऊ नगंस."

अकरा पुड्यांचा डबा बाराला गेला. बारावा दगड राजारामनं तळघराच्या दाराला टेकू म्हणून लावला, मास्क वर ओढला आणि मशीनच्या जबड्यातली घासायची राहिलेली फट ब्रशनं घासायला घेतली.