रताळी आणणारा नवरा

परवा माझी नोकरी गेली... वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सिंगापूरमध्ये, सोफ्यावर बसल्या बसल्या.

नोकरी कसली, तर कोरियन मालिका मराठीत सांगायची. आम्ही दोघं सध्या मुलाकडे, समीरकडे, सेम्बावांगला आलो आहोत. निघण्याआधी पुण्यात सौ.चं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा व्हायचा होता, त्यामुळे टीव्हीच्या तळाशी येणाऱ्या बारीक इंग्रजी ओळी तिला धूसर दिसायच्या. मग रोज संध्याकाळी मी त्या वाचायचो आणि तिला मराठीत सांगायचो.

मालिका मोठी गोड. एका हॉटेलचा तापट मॅनेजर जिन्यावरून पडतो आणि नेमकं मागचं एक वर्ष विसरतो... ज्या वर्षात त्याचं लग्न झालेलं असतं! घरात वावरणारी ही फुलवाली मुलगी आपली बायको आहे, हेच त्याला पटत नाही.

पण ती पोरगी बिलंदर. रडत बसत नाही. त्याला ठणकावून सांगते, "तू रोज संध्याकाळी माझ्यासाठी गरम भाजलेली रताळी आणायचास. आठवत नाही?" त्याने जन्मात कधी रताळं आणलेलं नसतं. पण बिचारा दुसऱ्या दिवसापासून बर्फातून कागदी पुडी सांभाळत घरी यायला लागतो...

"प्रेमात रताळी?" सौ. पहिल्यांदा ऐकून खूप हसली होती. "आमच्याकडे एकादशीलासुद्धा माझी मलाच आणावी लागायची."

आता माझी एक खोड. मला शाळेपासून कवितेचं वेड. पाठ्यपुस्तकातल्या कविता अजून पाठ आहेत... त्या म्हणायला वर्गात उभं राहिल्यावर खिडकीतून बाकावर पडणारा उन्हाचा पट्टासुद्धा पाठ आहे. त्यामुळे मालिकेतली ओळ सरळ सांगणं माझ्याच्याने होत नसे. नायिका नुसतं "थंडी आहे, आत ये" म्हणाली, की मी सांगायचो, "ये... माझ्या ओंजळीत अजून थोडी ऊब शिल्लक आहे."

"आजोबा, शी नेव्हर से दॅट, ला!" होमवर्क करता करता नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची. इरा नऊ वर्षांची आहे, तिच्यापासून काही लपत नाही.

"तू गप गं. चालू दे आजोबांचं," सौ. म्हणायची. समोरच्या ब्लॉकमागे आभाळ जांभळं होत जायचं आणि ती पाय वर घेऊन, डोळे मिटून ऐकत राहायची. पडद्याकडे बघायचीही नाही कधी कधी...

रविवारी जुरोंग ईस्टच्या मॉलमधून तिचा चष्मा आला. परवा तो लावून ती सोफ्यावर ताठ बसली. मालिका सुरू झाली, मी घसा खाकरला, तोंड उघडलं...

"अहो, दिसतंय मला," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ दिसतंय."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरं सांगू? आमचा संसार दोन खोल्यांत झाला, आई-वडील आणि धाकट्या भावंडांच्या गराड्यात. तिथे बायकोशी बोलायचं ते गहू संपले का आणि पाणी आलं का, एवढंच. संध्याकाळचा तासभर ती फक्त माझा आवाज ऐकत बसली आहे, हे सुख मला या मालिकेनेच पहिल्यांदा दिलं होतं... आणि आता ते संपलं.

परवाच त्या नायकाची स्मृती परत आली. सगळं आठवलं, म्हणजे आपण कधीच रताळी आणत नव्हतो, हेही आठवलं! तो उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने पुडी घेऊन आला. म्हणाला, "गरम आहेत. खा."

माझ्या मनात फार सुंदर ओळ तयार होती. गिळली. सौ. चष्मा काढून पदराने पुसत होती.

नंतर नेहमीप्रमाणे आम्ही खाली बागेत जाऊन बसलो. चाफ्याची फुलं बाकावर पडली होती. मी ती एकेक उचलून बाजूला ठेवत होतो.

"अहो," ती एकदम म्हणाली, "लग्न झाल्यावर तुम्ही रोज संध्याकाळी मला एक कविता म्हणून दाखवायचात."

"मी? कुठे?"

"गच्चीवर. आठवत नाही?"

गच्चीवर? गच्चीवर तर आईचे पापड वाळत असायचे! मला विसर पडायला लागला, की हिला काही भलतंच आठवतंय...? घाबरून तिच्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर घसरला होता आणि ओठ घट्ट मिटून ती हसू दाबत होती.

"आणि रताळी?" मी हळूच विचारलं.

"रताळी नाही हो. मला कविताच आवडायच्या."

मग काय... पाचवीतली एक म्हटली. शाळेत म्हणायचो तशीच, हात बांधून. शेजारच्या बाकावरचे चिनी आजोबा वळून बघायला लागले. तिसऱ्या कडव्याला मी अडखळलो.

"गच्चीवर असे अडखळत नव्हता हं," सौ. म्हणाली.

काल दुसरी म्हटली. आज कोणती म्हणायची, ते सकाळपासून मनात घोळतंय... ती गच्ची मला आता चांगलीच आठवायला लागली आहे. मंद वारा होता, पापड कोणीतरी आधीच उचलून नेले होते, आणि ती कठड्याला टेकून उभी होती... ऐकत.