सुकाने कुऱ्हाड धरली

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचायचे आणि मनातल्या मनात त्यांचं शुद्धलेखन तपासायचे… विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. जळगावात मराठी शिकवते मी. भूत म्हटलं की मला आधी भूतकाळ आठवतो. आज जे लिहितेय ते थांबत थांबत लिहितेय, कारण त्यात माझा धाकटा भाऊ प्रशांत आहे, आणि तो आता नाही.

प्रशांत प्रोग्रामर होता. सगळ्यांनी मिळून वाढवलेली, फुकट वापरता येणारी एक प्रोग्रामिंग भाषा आहे, तिचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणारी पानं, तो मराठीत आणत होता. जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या घरी बसून तो लिहायचा, मी भाषा तपासायचे. त्याचा एकच नियम — "अक्का, वाचणाऱ्याला एका वाक्याचे दोन अर्थ दिसले, तर चूक लिहिणाऱ्याची."

आमचं सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. प्रोग्राम चालताना एक भाग चूक 'फेकतो', दुसरा ती मध्येच अडवतो. या अडवण्याला प्रशांतने शब्द घेतला — 'धरणे'. मी म्हणाले, "धरणे म्हणजे हातात घेणंही होतं. 'झेलणे' लिही."

"झेलायला काय ती फुलं आहेत? आपल्याकडे अंगावर आलेला बैलसुद्धा धरतात!"

"मग तुझा नियम कुठे गेला?"

"तुझ्यासारखे वाचक असतील असं वाटलं नव्हतं," असं म्हणून तो हसला. शब्द तसाच राहिला.

मागच्या उन्हाळ्यात तो एरंडोलजवळच्या आमच्या शेतात गेला. शेजारच्या शेतवाल्यांशी बांधावरून जुना वाद होता. सकाळी सगळे बांधावर जमले, शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, आणि कुऱ्हाड चालली. पहिला घाव खांद्यात, दुसरा मानेजवळ. आमचा थोरला भाऊ, नाना, विहिरीवर होता. तो धावत पोचेपर्यंत बाकीचे पळाले होते. टेम्पोत नानाच्या मांडीवर प्रशांत आमच्या अहिराणीत एवढंच बोलला — "सुकानी कुऱ्हाड धरी." मग तोंडातून रक्त आलं.

सुका म्हणजे त्या शेजारच्या शेतवाल्यांच्या घरातला मधला भाऊ. पोलिसांना तो स्वतःच्या शेतात सापडला, उजव्या हातातून रक्त वाहत होतं. मारताना स्वतःचाही हात कापला, असं गाव म्हणालं. मीही म्हणाले. सुका एक शब्दही बोलला नाही.

यंदाच्या मार्चमध्ये त्याला जामीन मिळाला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी प्रशांतच्याच लॅपटॉपवर बिल्ड लावला होता. बिल्ड म्हणजे सगळी पानं जुळवून त्यांची वेबसाइट तयार करणं. पानांतली उदाहरणं त्या वेळी खरोखर चालवली जातात. छापलेलं उत्तर आणि आलेलं उत्तर वेगळं निघालं, तर काम तिथेच थांबतं. प्रशांत गेल्यापासून हे मी एकटी शिकत, चुकत करत होते.

नाना आत आला. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब.

"मंगल, मना फोन आठे राहू दे. कोनी इचारं तं सांगजो, नाना जेवाले येल व्हता."

"कुठे निघालास?"

"पारोळाले. आज बाजार शे. सुका येस तठे."

गोणपाटातून पातं दिसत होतं. "नाना, ही कुऱ्हाड कशाला?"

"लाकडं फोडाले." तो हसला. ते हसू बघवत नव्हतं. "तू तुन्हा कम्प्युटर कूट."

मी दारात आडवी उभी राहिले. त्याने मला खांद्याला धरून भिंतीवर आपटलं. माझ्या लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेला माणूस… डोकं दाणकन भिंतीला लागलं. तेवढ्यात लॅपटॉपने बिल्ड अडकल्याची सूचना वाजवली, आणि आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं.

चुका धरण्याचं पान होतं. प्रशांतचं उदाहरण.

अपेक्षित उत्तर: चूक धरली.
आलेलं उत्तर: फेकनारा दुसरा शे. धरनारा सुका शे.

नानाने ते मोठ्याने वाचलं. मग किंचाळला, "कोनी लिखं हाई?" आणि गोणपाट फेकून लॅपटॉपवर कुऱ्हाड घातली. पडदा फुटला, पातं टेबलात रुतलं, एक तुकडा माझ्या हातात घुसला. त्याने कुऱ्हाड उपसून पुन्हा घाव घातला. पुन्हा. पुन्हा. टेबल मोडेपर्यंत. तो रडत होता, मारत होता, आणि माझ्या डोक्यात फक्त तो शब्द फिरत होता.

"नाना, सुकाचा हात कुठे कापला होता?"

"तळहात. बोटं."

"आतून?"

"हा, आतून. का?"

"दांडा धरणाऱ्याचा तळहात आतून कापतो का रे?"

नानाने स्वतःचा हात उघडून पाहिला. आयुष्यभर दांडा धरून घट्टे पडलेला तळहात… दुसऱ्याने चालवलेली कुऱ्हाड सुकाने पात्याकडून धरली होती. अडवायला. प्रशांत तेच सांगत होता. नानाने कुऱ्हाड तुकड्यांमध्येच टाकली.

पारोळ्याला तो गेला नाही. काही दिवसांनी रिकाम्या हाताने सुकाच्या घरी गेला. त्याने विचारलं, "धरी म्हंजे अडवी ना रे?" सुका ढसाढसा रडला आणि त्याने स्वतःच्याच घरातलं एक नाव घेतलं. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.

त्या बिल्डची नोंद सर्व्हरवरही राहते. ती मी उघडून पाहिली. तिच्यात त्या पानाचं उत्तर 'चूक धरली' असंच आहे. अडकल्याची खूणसुद्धा नाही. भाषांतराच्या आमच्या टीममधले म्हणतात, धक्क्यात तुला भास झाला असेल. असेल. पण मोठ्याने वाचलं ते नानाने. आणि आमच्या टीममध्ये अहिराणीत लिहिणारा एकच होता…

मी 'धरणे' बदललेला नाही. त्या पानावर खाली फक्त एक ओळ वाढवली — 'इथे धरणे म्हणजे अंगावर आलेलं हाताने अडवणे.' परवा टीममधल्या एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, एवढं सांगायची गरज आहे का?"

मी 'आहे' एवढंच लिहिलं.