धम्मरत्न सरांचे पायॉन

अमडापूरचा धम्मरत्न चिखलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि आपल्या विभागप्रमुखाला, देवानंद सरांना, मनातून काडीचीही किंमत द्यायचा नाही.

त्याला कारण होतं. परदेशातल्या प्रयोगशाळेत कार्बनची हलकी अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली, की पायॉन नावाचे मेसॉन, म्हणजे अणूहून कितीतरी लहान, क्षणात विरणारे कण, किती निपजतात, हे मोजण्यात धम्मरत्नानं पीएच.डी.ची उमेदीची वर्षं घातली होती. त्या कामाच्या नावावर सत्कार मात्र देवानंद सर घेत फिरायचे. "आमच्या विभागानं अणू फोडला," असं ठोकून द्यायचे. अंगावर शाल पडली की त्यांच्या तोंडावर जी तृप्ती पसरायची, ती पाहून धम्मरत्नाला शिसारी यायची. पायॉन आणि पायमोजा यांतला फरक न कळणारा माणूस!

विज्ञान दिनाला सरांचं भाषण झालं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची राखी उठली. "सर, पायॉन तर लगेच नाहीसा होते म्हणता. मग मोजला कसा?"

"फार पॉवरफुल कॅमेरा असतो, बेटा."

धम्मरत्न मोठ्यानं हसला. सगळं सभागृह वळून पाहू लागलं.

स्टाफरूममध्ये देवानंद सरांनी त्याला गाठलं. "काऊन हासले हो? चारचौघात इज्जत काढता आमची?"

"कॅमेऱ्याची कंपनी विचारायची राह्यली, सर."

दुसऱ्याच दिवसापासून हजेरीचं पोर्टल आणि वृक्षारोपण त्याच्या गळ्यात पडणार, हे तेव्हाच ठरलं. त्याची त्याला पर्वा नव्हती. घरी येऊन त्यानं बायकोला, महामायाला, सगळं रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"त्याइले येत नाही म्हून त्याइनं नाही सांगतलं," ती म्हणाली. "तुमाले तर येते. तुमी काऊन नाही सांगतलं त्या पोरीले?"

तो हसला तेव्हा राखी सभागृहात उभीच होती, हे त्याला आत्ता आठवलं. उत्तर देण्यापेक्षा हसण्यातच त्याला गोडी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी तासाला त्यानं पुस्तक मिटून ठेवलं. "विद्युतभार नसलेला पायॉन फुटतो आणि दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात. आपल्याला सापडतात ते फोटॉन. पण एका टकरीत ते ढीगभर असतात. मग प्रत्येकाची जोडी प्रत्येकाशी लावून पाहायची. दोघांची ऊर्जा आणि मधला कोन यांवरून वस्तुमान काढायचं. खोट्या जोड्या आलेखावर कुठेही पसरतात. खऱ्या जोड्या पायॉनच्या वस्तुमानापाशी उंचवटा करतात. खालची खोटी भर वजा करायची, उरलं ते मोजायचं."

राखी विचार करत म्हणाली, "म्हणजे खरी जोडी कोणती, हे तुमालेही माहीत नाही?"

"नाही. किती होत्या ते सांगता येते. त्यात चूक किती असू शकते, तेही."

तास संपल्यावर राखी आणि तिच्या दोन मैत्रिणी थांबल्या. प्रयोगशाळेतल्या मठ्ठ कॉम्प्युटरवर त्यानं त्यांना आपल्या पीएच.डी.चे जुने आकडे काढून दिले. पोरींचं पहिलं उत्तर दुप्पट आलं. प्रत्येक जोडी त्यांनी दोनदा धरली होती. चूक त्यांनीच शोधावी म्हणून धम्मरत्न खुर्ची ओढून बसला. बाहेर देवानंद सर मेहकरच्या सत्काराला निघाले होते आणि ड्रायव्हरला गाडी पुसायला सांगत होते.