घरटी एक नोकरी

पाचोऱ्यात अभिमनचा आवाज ओळखत नाही असा माणूस विरळा. पूर्वी तो कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. जिनिंगला टाळं लागलं तशी त्याने रिक्षावर भोंगा बांधला. नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. अभिमन सांगतो म्हणजे खरंच, अशी लोकांची खात्री होती.

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा प्रभागातल्या दोन्ही उमेदवारांनी त्याला गाठलं. किराणा दुकानदाराचा मुलगा अनुज म्हणाला, "कारखाना आणणं नगरसेवकाच्या हातात नसतं, भाऊ. आपण आठवडे बाजाराला ओटे बांधू, दिवे लावू, हातगाडीवाल्यांना हक्काची जागा देऊ. धंदा वाढला की चार हातांना काम मिळेल."

दुसऱ्या उमेदवाराचं, भूपेंद्रचं, सांगणं सुटसुटीत होतं. "वर्षाच्या आत कारखाना, घरटी एक नोकरी!"

अभिमनने भूपेंद्रचा प्रचार धरला. घोषणा भोंग्यावर शोभत होती, शिवाय ती खरी व्हावी असं त्यालाही मनापासून वाटत होतं. जिनिंग सुटल्यापासून महिन्याचा पगार म्हणजे काय, हे तो विसरलाच होता.

एका सकाळी शेजारच्या सुंदरबाईंनी त्याची रिक्षा थांबवली. "खरं शे का रे भाऊ? कारखाना येवाव शे?"

"शे ना अक्का! मीच ते सांगी ऱ्हायनू," तो हसून म्हणाला.

त्यांनी त्याच दिवशी सुरतेला फोन लावला. त्यांचा मुलगा प्रेमराज तिकडे कापडाच्या मागावर कामाला होता. आठ-दहा दिवसांत तो बायको सारिका, लेकरू आणि भांड्याकुंड्यांसकट घरी आला. सुंदरबाईंनी गल्लीभर साखर वाटली.

भूपेंद्र निवडून आला. गुलाल उधळला गेला, मिरवणुकीत भोंगा अभिमनचाच होता. पुढे प्रेमराज रोज भूपेंद्रच्या दारी जाऊन बसू लागला. कधी साहेब जळगावला गेलेले असत, कधी जेवत असत. शेवटी अभिमनच त्याला घेऊन आत शिरला.

"कारखाना सरकार देतं रे, पालिका नाही," भूपेंद्र म्हणाला. "प्रचारात बोलावं लागतं."

"पण मी बोललो ना, भाऊ. लोकांनी माझं ऐकलं."

भूपेंद्रने प्रेमराजला बाहेर बसायला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पाण्याच्या टाकीवर ठेकेदाराकडून एक माणूस घ्यायचाय. ती जागा तुझी. तू माझ्यासाठी राबलास."

"त्या पोराला द्या की."

"तू नको म्हणालास तर माझा भाचा तयार आहे. बोल."

अभिमनच्या डोळ्यांपुढे घरची चूल आली, बायकोचं दुखणं आलं. बाहेर बाकड्यावर प्रेमराज बसला होता, त्याची पाठ खिडकीतून दिसत होती. मग त्याने होकारार्थी मान हलवली.

सुरतेला प्रेमराजच्या जागी केव्हाच दुसरा लागला होता. नरडाण्याला एमआयडीसीत ठेकेदार रोजंदारीवर माणसं घेतो असं कळलं, तेव्हा त्याने पिशवी भरली. सारिका आणि लेकरू मागेच राहणार होती. अभिमन त्याला स्टेशनवर सोडायला गेला. वाटेत त्याने टाकीवरच्या जागेचं सगळं सांगून टाकलं.

"तुमनी काय चूक शे, भाऊ," गाडी आली तेव्हा प्रेमराज म्हणाला. "कोनी बी घेतं."

त्याने शिवी दिली असती तर अभिमनला बरं वाटलं असतं.

आता टाकीवर त्याचा महिन्याचा पगार सुरू आहे. भोंगा त्याने विकून टाकला. सुंदरबाई भेटल्या की पूर्वीसारख्याच "जेवलास का?" म्हणून विचारतात. कारखान्याचं मात्र त्या काही विचारत नाहीत, आणि अभिमन मान खाली घालून पुढे जातो.