हातभर अंतरावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. होस्टेलवरच्या मैत्रिणींना नाही, आईला नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या आबांना तर नाहीच. गोष्ट एका कुत्र्याच्या पिल्लाची आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीसुद्धा बरेच दिवस स्वतःला असंच म्हणत आले.

आबा म्हणजे माझे आजोबा. साक्रीकडचे त्यांचे जुने मित्र नाना एकदा एसटीने आले, ते पिशवीत भुऱ्याला घेऊनच. लांब पाय, चिंचोळं तोंड, पाठीला टेकलेलं पोट. शिकारी जातीचं पिल्लू. तरुणपणी हे दोघे अशीच कुत्री घेऊन सशांमागे रान तुडवायचे. आता शिकारीला बंदी, आणि आबांचे गुडघेही गेलेले.

"मग आता याचं काय करायचं?" आई म्हणाली.

"शिकार गयी," आबा म्हणाले, "पन यानं नाक कोठे गये?"

आबांचं म्हणणं असं, की शिकारी कुत्र्याचं खरं शिक्षण धावण्यात नसतं, आणण्यात असतं. तोंडात धरलेली वस्तू त्याने दात न लावता माणसाच्या हातात ठेवली पाहिजे. त्यासाठी त्यांची एक परीक्षा होती – पिकलेलं केळं. आमचं गाव तापीकाठी, चारही बाजूंनी केळीच्या बागा. लांब टाकलेलं केळं सालीवर दाताची खूण न उमटता परत आलं, की कुत्रा तयार.

आणि हे काम त्यांनी मला दिलं. भावाला नाही, मला. "ती कालेजमा जास," ते म्हणाले, "तिले समजी." आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अमळनेरला मी वर्गात मागच्या बाकावर बसते, प्रश्न विचारायला घाबरते, हे आबांना कुठे माहीत होतं? त्यांच्या लेखी मला सगळंच येत होतं.

भुऱ्याने पहिलं केळं सालीसकट खाल्लं. दुसरंही. मी डोक्याला हात लावून बसले. आबा पोट धरून हसले. "आते तू बी एक खाय," म्हणाले. मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. आधी पोटभर खाऊ घालायचं, मग चिंध्यांचा गोळा टाकायचा, मग कच्चं केळं, शेवटी पिकलेलं. भुऱ्या गोळा आणायचा, पण चावून चावून. कान मागे टाकून, मोठी कामगिरी केल्यासारखा यायचा आणि लाळेने भिजलेला गोळा माझ्या तळहातावर ठेवायचा. ते ओलं, कोमट ओझं मला अजून आठवतं.

पण त्याचे दात काही हलके होईनात. माझी सुट्टी संपत आली होती, आणि नाना पिल्लाची प्रगती बघायला येणार होते. "घाई करू नको," आबा म्हणत होते. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस कापडाच्या गुंडाळीत तार घालत होता. जोरात चावलं की टोचतं, मग कुत्रा हलकं धरायला शिकतो. हे मोठ्या, बिघडलेल्या कुत्र्यांसाठी आहे, असंही तो माणूस सांगत होता. मी ते ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

दुपारी घरात सगळे झोपले होते. मागच्या अंगणाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं. मी तिथले काटे तोडले आणि चिंध्यांच्या गोळ्यात बसवले. टाकला. भुऱ्या धावला, त्याने गोळा धरला – आणि केकाटला. गोळा खाली टाकून तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

इथे थांबता आलं असतं. नाही का?

मी म्हणाले, "आण."

त्याने गोळा हुंगला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, दरडावून. आबा त्याच्यावर कधी दरडावत नसत. तो आवाज माझाच होता. आणि त्याने तो गोळा पुन्हा तोंडात धरला. हळूहळू आला, शेपूट खाली, तरी हलत होती. गोळा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. चिंध्या लाल झाल्या होत्या.

आबा उठून आले तेव्हा मी गोळा ओढणीत लपवला होता. मी म्हणाले, "कुंपणात तोंड घातलं त्याने."

आबांनी भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, हिरडीत मोडलेला काटा नखाने काढला, हळद लावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या गुडघ्यांनिशी, ते कुंपण काढायला बसले. अख्खं. मी फांद्या ओढून बाजूला टाकत होते. त्यांचे हात ओरबाडून निघाले. "चूक मनीच शे," ते स्वतःलाच दोष देत म्हणत होते, "लहान जीव घरमा शे, हाई पहिलेच काढाले पाहिजे व्हतं." काट्यांच्या जागी त्यांनी आईच्या जुन्या साड्या बांधल्या. दोनदा माझ्या ओठांपर्यंत आलं. दोनदा मी ते गिळलं.

नाना आले. मी पिकलेलं केळं टाकलं, ते परत आलं – सालीवर ओरखडासुद्धा नाही. "आबा, पोर तं मास्तरीन निंघनी!" नाना म्हणाले. आबांची मान अशी ताठ झाली, की मी हसले. हो, हसले.

पण केळं माझ्या हातात आलं नव्हतं. मी तळहात पुढे केला होता. भुऱ्याने ते माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवलं, मागे सरकला आणि बसला. मग आबांनी टाकलं, तर सरळ त्यांच्या हातात. "तुले सायेब समजस तो," आबा म्हणाले, "हातमा केळं देवाले लाजस." सगळे हसले.

भुऱ्या आता चांगला मोठा झालाय. मी एसटीतून उतरले की वेशीपासून माझ्याभोवती उड्या मारत येतो, रात्री माझ्या पायांवर झोपतो. रागावलेला मुळीच नाही. माझी चप्पलही आणून देतो – हातभर अंतरावर. मी रिकामा तळहात पुढे करून बसून पाहिलंय, बिस्किट ठेवून पाहिलंय. बिस्किट तो घेतो. देत मात्र काही नाही. मग मीच पुढे सरकते आणि चप्पल उचलते. मागे साड्यांचं कुंपण वाऱ्यावर फडफडत असतं.

परवा आबांचा फोन आला. नानांकडे नवी पिल्लं झालीत. "एक तुन्हासाठे ठेवू का?" त्यांनी विचारलं. "तुना हात चांगला शे."

मी म्हणाले, बघू. काट्यांचं तेव्हाही सांगितलं नाही.