दादाचा अल्बम आणि दहाव्याचे कावळे

“दादा, जंगलातल्या देवाचं गाणं आहे, तर मंग बोंबलून काहून राह्यला?”

हे मी दादाला कितीदा विचारलं! तो नुसता हसायचा. आता तर उत्तर मिळायची सोयच उरली नाही. दादा गेला. त्याचा चार्जर अजून भिंतीला लटकलाय. मी काढला नाही, कुणाला काढूही देत नाही.

पण रडायला नाही बोलावलं तुम्हाला. चहा घ्या, आणि त्याच्या दहाव्याला मी काय घोळ घातला ते ऐका!

आमचा दादा ब्लॅक मेटल करायचा. म्हणजे कसं? गिटार अशी, की आग्यामोहोळ उठलंय, आणि त्यात दादा गळा फाडून ओरडतोय. मेडशीकडच्या जंगलात हिंडून त्यानं अख्खा अल्बम केला. साग, पळस, शेंदूर फासलेला वाघोबा. “देव देवळात यायच्या आधी झाडात राहत होता,” म्हणायचा. घरात तो अल्बम ऐकला कुणी? आमच्या म्हशीनं. त्या संध्याकाळी तिनं पान्हाच सोडला नाही!

तर दहावा. नदीवर पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर ही जत्रा भरलेली, पण खाली एक उतरेल तर शपथ! आईनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कावळा शिवल्याशिवाय घेणारही नव्हती.

दादाची काही इच्छा राहिली असेल म्हणून मामा हात जोडून पुढे झाले. “भाच्या, तुह्या मायले मी सांभाळतो.”

कावळा ढिम्म.

“तुही गाडी इकत नाही.”

कावळ्यानं तोंड फिरवलं.

क्रिया करणारे महाराज उन्हाकडे बघत म्हणाले, “दर्भाचा कावळा करू अन् लावून देऊ. चालते.”

“गवताचा कावळा नाही चालत मले,” आई म्हणाली. “माह्या पोराले खरा पाह्यजे.”

झालं, माझं डोकं सटकलं. दादाची इच्छा काय असणार? लोकांनी गाणं ऐकावं! विचार करत बसणं आपल्या स्वभावात नाही. खिशातून छोटा स्पीकर काढून पिंडाशेजारी ठेवला, फोनला जोडला, “दादा, ऐकवतो सगळ्यायले!” म्हणालो आणि आवाज फुल्ल केला.

नेमका तेव्हाच एक कावळा उतरत होता, बरं का! पिंडापासून हातभर. आणि दादा ओरडला.

अख्खं झाड रिकामं! महाराज दचकून पाण्यात!

“अबे बयताडा, बंद कर थे!” मामा किंचाळले.

“होत नाही मामा!” हात ओले, फोन सुळसुळीत. आईकडे बघवेना. भावाला मोकळं करायला गेलो आणि होते नव्हते ते कावळे हाकलून बसलो!

एवढ्यात गिटार थांबली. गाण्याच्या मधोमध दादानं जंगलातलेच आवाज घातले होते. वारा, वाळलेली पानं आणि कावळे. काव! काव! काव!

पलीकडून एकानं उत्तर दिलं. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळी पलटण परत! पहिला येऊन बसला तो स्पीकरवरच. आत वाकून पाहिलं, भाऊबंद कुणी दिसेना, तेव्हा टुणकन उडी मारून त्यानं पिंडाला चोच लावली.

आई ओंजळीनं पाणी प्यायली. रडत होती की हसत होती, कोण जाणे. भिजलेले महाराज कानाशी येऊन हळूच म्हणाले, “थे गाणं मले पाठवजो बरं. लई ठिकाणी कावळे तरास देतात.”

तेवढ्यात गाणं पुन्हा पेटलं. मामा स्पीकरवर झेपावले.

“राहू दे रे,” आई त्यांना म्हणाली. “होऊ दे त्याचं पुरं.”

गाण्यात या जागी दादा मान खाली घालून खांद्यापर्यंतचे केस गरगर फिरवायचा. आता ते कुणीतरी करायला हवंच ना? मी पाय रोवले, मान खाली घातली आणि जीव तोडून फिरवली. मामा पोट धरून खाली बसले. आईनं तोंडाला पदर लावला. तेव्हा कुठं आठवलं, सकाळीच माझं मुंडन झालं होतं! एवढ्या गुळगुळीत टकलावर एकटी शेंडी गरगरत होती.

तरी थांबलो नाही. गाणं संपेपर्यंत फिरवली.