तिचं मनगट

आम्ही रोमला निघालो तेव्हा गुडगावच्या आमच्या नव्या सोसायटीत ज्याने त्याने एकच बजावलं, "पाकीट सांभाळा." आईने ते फारच मनावर घेतलं. पाकीट, पासपोर्ट आणि मी, तिघांवरही तिची सारखी नजर.

कलोसियमकडे जाणाऱ्या बसमध्ये समोर एक म्हातारी बसली होती. राखाडी कोट, मांडीवर भाजीची पिशवी आणि डोळे माझ्या हातातल्या तिकिटांवर. दुकानातून घेतलेली ती तिकिटं मी जपून धरली होती. दिल्लीच्या बसमध्ये तिकीट हातात आलं की काम संपतं. इथे ते दाराजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते, नाहीतर दंड होतो, हे मला कुठे ठाऊक?

थांबा आला. म्हातारीने खिडकीबाहेर पाहिलं, ताडकन उठली आणि माझ्या हातातली तिकिटं हिसकावली.

"पकडो! चोर!" आईने ओरडत तिचं मनगटच धरलं.

सगळी बस बघायला लागली. म्हातारीने हात सोडवला नाही. आईला तशीच ओढत ती यंत्रापाशी गेली आणि मोकळ्या हाताने तिकिटं आत सारली. खट्, खट्. तेवढ्यात थांब्यावर उभे असलेले दोन तपासनीस चढले, तिकिटं पाहून पुढे गेले.

आई मनगट सोडायचंच विसरली होती. म्हातारी मोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, "आईला सांग, पाकीटही असंच धर."

मी आईला ते मराठीत सांगितलं. तरी म्हातारी उतरेपर्यंत आईने तो हात सोडला नाही.